आतले सगळे आपलेच

१

गेल्या आठवड्यात मुलुंडच्या अंबूताई स्मारक नेत्रपेढीने हजारो अनोळखी माणसांना लॉटरी लागल्याचं कळवलं. काहींना टकलावर केस उगवणारं तेल विकायचा प्रयत्न केला आणि काहींना परदेशातल्या कुणा मेलेल्या श्रीमंताचं वारस ठरवलं. ही सगळी पत्रं नेत्रपेढीच्या नावाने, नेत्रपेढीच्याच मेल सर्व्हरवरून गेली होती. मी पोट धरून हसले असते, पण त्याच आठवड्यात तिथे दान आलेलं एक बुबुळ वाया गेलं होतं.

ते कसं, तेही सांगते. डोळा दान मिळाला की नेत्रपेढी त्याची तपासणी करते आणि अहवाल मेलने रुग्णालयात पाठवते. तो वाचल्याशिवाय कुठलाच सर्जन रुग्णाला टेबलावर घेत नाही. त्या दिवशी अहवाल गेला, पण पोचला नाही. कचरा मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची जगभरात एक काळी यादी असते. नेत्रपेढीचं नाव एव्हाना त्या यादीत चढलं होतं, त्यामुळे घाटकोपरच्या रुग्णालयाच्या मेलने तो अहवाल परस्पर कचऱ्यात टाकला. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसले. फोनाफोनी झाली तोवर बुबुळाची मुदत टळली होती.

मी गंधाली कर्णिक. संस्थांचे मेल सर्व्हर चोरांपासून सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणं हा माझा धंदा. गोरेगावहून मुलुंडला मी आरेतून जाणाऱ्या बसने आले, झाडं बघून डोकं थंड राहतं म्हणून. त्या दिवशी ते थंड डोकं सचिव नंदकिशोर सबनीस यांच्या केबिनपर्यंत जेमतेम टिकलं.

"रिपोर्ट तुम्ही लिहायचा, मॅडम," सबनीस म्हणाले. "काय झालंय ते आम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक आहे, त्याआधी कागद हवा."

"ठाऊक आहे तर मला कशाला बोलावलंत?"

"बाहेरच्या तज्ज्ञाची सही असली की रुग्णालयांचा विश्वास बसतो."

म्हणजे मला शिक्का म्हणून बोलावलं होतं. आता मी काही झालं तरी शिक्का होणार नव्हते.

टेबलाच्या पलीकडे एक तिशीची मुलगी ताठ बसली होती. ती उत्तरा परब, सर्व्हर सांभाळणारी. तिच्यासमोर एक टाईप केलेला कागद आणि टोपण काढलेलं पेन ठेवलं होतं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला' एवढं मला उलटं वाचता आलं.

"सही कर, राजीनामा दे, प्रकरण इथेच मिटेल," सबनीस तिला म्हणाले. "नाहीतर विश्वस्त काढून टाकतील आणि तसं सगळ्या रुग्णालयांना कळवतील. मग या क्षेत्रात तुला कोण उभं करेल?"

"मी सही करणार नाही," उत्तरा म्हणाली.

"उत्तरा, शहाण्यासारखं वाग."

"सर, माझ्या बाबांचे डोळे इथेच दिलेत. तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर बाहेर दुप्पट पगार मिळत असताना मी इथे आले. त्या बुबुळासाठी मी रडलेय, पण ते माझ्यामुळे गेलेलं नाही. सही करणार नाही."

मला ती मुलगी तिथल्या तिथे आवडली. पण आवडणं हा पुरावा नसतो, म्हणून मी उठले आणि सर्व्हर दाखवा म्हटलं.

२

सर्व्हरच्या खोलीची किल्ली उत्तराकडून काढून प्रयोगशाळेतल्या सुबोधकडे दिली होती. जिन्यापाशी अंबूताईंची मोठी तसबीर आणि खाली हळदी-कुंकवाचा करंडा होता. येता-जाता लोक तिथे बोट लावत होते. तिथून पुढे ती खोली. आत काचेच्या दाराचं उभं कपाट, त्यात यंत्रं एकावर एक. प्रत्येक यंत्राच्या कपाळावर लाल ठसठशीत ठिपका होता. कारखाना असो की नेत्रपेढी, दसऱ्याला यंत्रांची पूजा चुकत नाही.

"हे तुझं काम?" मी उत्तराला विचारलं.

"छे. दसऱ्याला मी गावी होते. प्रेमा मावशी करतात पूजा. दोन वर्षांपूर्वी कुंकवाची पूड पंख्यात जाऊन सर्व्हर बंद पडला होता, तेव्हा मी त्यांना पूड लावायची नाही म्हणून बजावलं होतं. ऐकलं नाही त्यांनी, बघा. म्हातारं माणूस, मी डोळेझाक केली."

मी आधी माझ्या फोनच्या इंटरनेटवरून सर्व्हरला एक मेल दिला आणि तो तिसऱ्याच कुणाला पोचता कर म्हटलं. चोर हेच करतात. दुसऱ्याच्या सर्व्हरला टपालवाला करून आपलं टपाल वाटून घेतात. सर्व्हरने मला साफ नकार दिला.

"दार पक्कं आहे," मी म्हटलं.

"मीच लावलंय," उत्तरा म्हणाली. "पासवर्ड सांगितल्याशिवाय बाहेरच्या कुणाचंही टपाल तो घेत नाही. पण आतल्यांचं घेतो. इमारतीतल्या कुठल्याही यंत्राला पासवर्ड विचारत नाही."

"का?"

"बुबुळं ठेवायच्या फ्रिजला अलार्म आहे. तापमान चढलं की तो मेल पाठवतो. त्याला पासवर्ड टाकता येत नाही. स्कॅनरलाही नाही. मी म्हटलं होतं, फक्त या दोघांना सूट द्या. सबनीस सर म्हणाले, नको, कुणाकुणाला पासवर्ड लक्षात ठेवायला लावणार, आतले सगळे आपलेच आहेत. मग सगळ्या इमारतीला सूट."

सोसायटीच्या फाटकावर वॉचमन बाहेरून येणाऱ्याला नाव विचारतो आणि आत दिसलेल्याला सलाम ठोकतो, तसलाच हा प्रकार. भिंतीवरून उडी मारून कुणी आत आला की तोही रहिवासीच. सर्व्हरच्या नोंदीत कचरा मेल कुठून आले ते मी पाहिलं. सगळे आतल्याच एका पत्त्यावरून आले होते. तो पत्ता ना फ्रिजचा होता, ना स्कॅनरचा, ना कुणाच्या संगणकाचा.

"हेच मला काल दिसलं," उत्तरा म्हणाली. "शोधायला उठले तर किल्ली काढून घेतली."

आम्ही कपाट पुढे ओढून टॉर्च मारला. तळाशी, फ्रिजच्या वायरींच्या गुंत्यामागे, साबणाच्या डबीएवढं एक यंत्र लुकलुकत होतं. एक वायर आतल्या जाळ्यात, दुसरी थेट बाहेरच्या इंटरनेटला. बाहेरून येणारं टपाल ही डबी घ्यायची आणि आतल्या माणसासारखी सर्व्हरकडे द्यायची. मी दोन्ही वायरी काढल्या. सर्व्हरवर चाललेला धो-धो ओघ थांबला.

"सापडली," मी म्हटलं आणि उत्तराकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

डबीच्या कपाळावरही लाल ठिपका होता.

३

सबनीस धावत आले आणि तो ठिपका पाहून त्यांना जोर चढला.

"हे बघा, दसऱ्याचं कुंकू. म्हणजे दसऱ्याला ही डबी इथेच होती. पावसाळा संपल्यापासून दसऱ्यापर्यंत या वायरींना उत्तराशिवाय कुणी हात लावलेला नाही. घरी बसून काम करता यावं म्हणून हिनेच मागचं दार करून ठेवलं असणार. शिवाय दिवाळीआधी हिनेच तपासणी करून सगळं ठीक म्हणून लिहून दिलंय."

"मी मागून टॉर्च लावून पाहिलं होतं," उत्तरा म्हणाली. "नव्हती ही." पण आवाजातला ताठा गेला होता. मी ठिपक्यावर बोट घासलं. बोट लाल झालं, आणि रुमालाला पुसलं तर रुमालही. खरंखुरं कुंकू होतं.

सबनीसांचं म्हणणं खरं असेल तर उत्तरा एकतर लबाड होती किंवा आंधळी. डबी दसऱ्यानंतर बसवली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. दसऱ्यानंतर त्या खोलीत उत्तरा सोडून एकटी जाणारी माणसं दोनच होती. एक सुबोध, फ्रिजच्या अलार्मसाठी जाणारा. दुसरा यज्ञेश, इमारतीच्या वायरिंगचं कंत्राट असलेला, जो दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला येऊन गेला होता.

आधी सुबोधला गाठलं. प्रयोगशाळेत हातमोजे चढवून बसला होता आणि मी आलेली त्याला अजिबात आवडली नव्हती.

"तुझं आणि उत्तराचं भांडण झालं होतं म्हणे."

"रोज होतं. तिला प्रत्येक गोष्टीला पासवर्ड पाहिजे. वाजणारा अलार्म बंद करायलाही पाहिजे होता. माझे हात कामात असताना मी काय नाकाने टाईप करू?"

"म्हणून तिला अडकवलंस?"

"मॅडम, ते बुबुळ मी काढून आणलं होतं. त्या आजोबांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकोसमोर." त्याने हातमोजे उतरवले. "उत्तराची वाट लावायची तर मी तोंडावर भांडेन. बुबुळ कशाला घालवू?"

"दसऱ्याला खोली तूच उघडलीस ना?"

"हो. तबकही मीच धरलं होतं. झेंडू, आपट्याची पानं, पेढे. मावशींनी एकही मशीन सोडलं नाही. पाकीटभर आणलं होतं, त्यातलंही उरलं."

"सबनीस होते?"

"ते दसऱ्याला त्यांच्या घरच्या पूजेत असतात. आम्ही दोघंच होतो."

सबनीसांनी फोनवर डबीचं सगळं सांगितल्यावर यज्ञेश दुपारी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन, आणि बोलणं असं गोड की चहात साखर नको. त्याच्या कंपनीने नेत्रपेढीला एक प्रस्ताव दिला होता. हा जुना सर्व्हर बंद करायचा आणि मेलचं सगळं काम त्यांच्याकडे द्यायचं. संध्याकाळच्या बैठकीत त्यावरही निर्णय होणार होता.

"उत्तरा चांगली मुलगी आहे, मॅडम. पण एकटी बाई किती सांभाळणार? त्या डबीचं मला वाईट वाटतं."

"दिवाळीनंतर तू खोलीत एकटाच होतास."

"मी काय लपवतोय का? पण डबी तर दसऱ्याच्या आधीपासूनची आहे. कुंकू आहे ना तिच्यावर."

"कुंकू काय, कधीही लावता येतं. करंडा जिन्यातच आहे."

तो मोकळेपणाने हसला.

"तसं वाटणारच तुम्हाला. पण मी होतो ना दसऱ्याला. पेढे द्यायला आलो होतो, दारातूनच नमस्कार केला, सुबोधची पाठ होती माझ्याकडे. मावशी बोटाने एकेका मशीनला कुंकू लावत होत्या. मागे हात घालून त्या डबीलाही लावलं, माझ्यासमोर. मला वाटलं उत्तराने बसवली असेल, म्हणून काही बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं."

डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार उभा राहिला होता, आणि तो उत्तराच्या विरुद्ध बोलत होता.

४

उत्तरा जिन्यात बसलेली सापडली, अंबूताईंच्या तसबिरीखाली.

"मॅडम, मी चुकले असेन का?" तिने विचारलं. "टॉर्च मारला होता, हे आठवतंय. पण माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. डबी असेल तिथे, आणि मी पाहिली नसेल. मग बाबांच्या संस्थेत मीच…"

मला राग आला. यज्ञेशचा आला, सबनीसांचा आला, आणि सगळ्यात जास्त तिचा आला.

"सकाळी सही करणार नाही म्हणालीस ना? मग संध्याकाळपर्यंत तरी त्या शब्दावर रहा. संशय घ्यायचं काम माझं आहे, त्याचे पैसे मला मिळतात. तू फुकट कशाला घेतेस?"

ती हसली नाही, पण उठून उभी राहिली. मी हात धुवायला गेले.

बायकांच्या स्वच्छतागृहात बेसिनवर एक आरसा होता, आणि त्याच्या कडेने ओळीने टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, मरून, एक-दोन काळ्या. कुठल्याही घरी, कुठल्याही ऑफिसात दिसतात तशाच. मी साबण घेतला. तेवढ्यात साठीच्या एक बाई बादली घेऊन आत आल्या. तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं, आणि आरशावरची एक लाल टिकली नखाने सोलून कपाळाला लावली.

"प्रेमा मावशी ना तुम्ही?"

"होय. तू ती तपासणी करूक इलेली बाय. उत्तराक काढतत काय गे?"

"बघू. मावशी, दसऱ्याला उत्तराने नाही म्हटलेलं असताना मशीनला कुंकू का लावलंत?"

मावशींनी बादली खाली ठेवली. त्यांना ते भलतंच लागलं.

"कोण म्हणता मिया कुंकू लावलंय? पोरगी म्हणाली पावडर आत जाता, पंखो बिघडता. ता माका कळता. तेव्हापासून करंडो त्या खोलीत नेलंय नाय. पण दसऱ्याच्या दिवशी मशिनीक उघड्या कपाळान ठेवूचा? ता बरा दिसता?"

मी तशीच, साबण लागलेल्या हातांनी धावत सुटले. सुबोधकडून किल्ली घेतली, काचेचं दार उघडलं आणि मुख्य सर्व्हरच्या लाल ठिपक्याच्या कडेला नख लावलं.

ठिपका अख्खा सोलून माझ्या नखावर आला.

५

सबनीसांच्या केबिनमध्ये मी सगळ्यांना बोलावलं. सबनीस खुर्चीत, यज्ञेश त्यांच्या शेजारी, सुबोध दाराला टेकून, मावशी उभ्याच. उत्तरासमोर तो कागद आणि पेन अजून तसंच होतं.

"यज्ञेश, दसऱ्याचं तू मला सांगितलंस ते यांनाही सांग," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. पेढे, दारातून नमस्कार, मावशींचं बोट, कुंकू, मागे हात घालून डबीलाही. सबनीस प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

"नक्की कुंकू? बोटाने?"

"मॅडम, मी काय खोटं बोलू? बोटाने. माझ्यासमोर."

मी डबी टेबलावर ठेवली आणि तिच्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. "हे कुंकू." मग दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे केला. त्याच्या नखावर मखमली लाल टिकली होती. "आणि ही सर्व्हरच्या कपाळावरची. मावशी, सांगा."

"मिया दोन वर्सां टिकली लावतंय," मावशी म्हणाल्या. "ह्यां पाकीट. सगळ्या मशिनींक लावलंय, चार उरल्यो, त्यो आरशाक लावल्यो."

"तबकात कुंकू होतं का, सुबोध?"

"नाही." सुबोध दारापासून पुढे आला. "झेंडू, पानं, पेढे. टिकल्या मावशी पाकिटातून काढत होत्या. मॅडम, तुम्ही मला खोली कुणी उघडली आणि कोण होतं एवढंच विचारलंत, काय लावलं ते विचारलं नाहीत."

हे त्याचं खरं होतं, आणि मी ते मुकाट गिळलं.

"आता बघा," मी म्हटलं. "त्या खोलीत दसऱ्याला कुंकू गेलंच नाही. म्हणजे डबीवरचं कुंकू नंतर कुणीतरी लावलं, डबी जुनी दिसावी म्हणून. कुणी लावलं असेल? काचेतून लाल ठिपके पाहिले आणि ते कुंकूच आहे असं धरून चालला, त्याने. पूजेला जो हजर होता तो असं धरणार नाही. म्हणजे मावशी नाहीत आणि सुबोध नाही. उत्तरालाही ते कुंकूच वाटत होतं, हे मान्य. पण डबी जुनी ठरली तर मरते कोण? उत्तराच. स्वतःच्या गळ्याला फास लावायला कुणी जिन्यातून कुंकू आणत नाही."

"मी…" सबनीस खुर्चीतून अर्धवट उठले. "मीही दसऱ्याला नव्हतो."

"नव्हतात, आणि होतो असं म्हणालाही नाहीत. मी 'कुंकू कधीही लावता येतं' एवढंच म्हटलं आणि एक माणूस घाबरून साक्षीदार झाला. जे घडलंच नाही ते याने डोळ्यांनी पाहिलं, बोटासकट."

सगळे यज्ञेशकडे बघू लागले.

"मावशींच्या टिकल्या संपल्या असतील आणि मग…" त्याने सुरुवात केली.

"चार उरल्यो म्हटलंय ना," मावशी म्हणाल्या. "आणि तू खंय होतस रे दसऱ्याक? तुझो पेढो माका कोणी दिल्यान नाय."

यज्ञेशने दोन्ही फोन खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. गोडवा गेला तसा तो एकदम लहान दिसायला लागला.

"थोडा त्रास होईल, सर्व्हर जुना झालाय असं वाटेल, मग तुम्ही मेलचं काम आमच्याकडे द्याल, एवढंच होतं," तो म्हणाला. "डबी उघडी ठेवली की कचरावाले आपोआप शोधत येतात. इतके येतील असं वाटलं नव्हतं. बुबुळाचं तर… सर, शपथेवर सांगतो, ते माझ्या डोक्यातही नव्हतं."

"ते सगळ्यांच्या डोक्यात असायला पाहिजे," सुबोध म्हणाला. "इथे दुसरं काम काय आहे?"

६

यज्ञेशला बाहेर बसवलं. सबनीसांनी घाम पुसला, पाणी प्यायले, आणि थोड्याच वेळात पुन्हा सचिव झाले.

"छान झालं. म्हणजे वाईट झालं, पण छान झालं. आता हे चार भिंतींत ठेवू. याचं कंत्राट गुपचूप रद्द करतो. रुग्णालयांना 'तांत्रिक बिघाड' म्हणून कळवू. संस्थेचं नाव आहे. उत्तरा, तू तुझ्या कामाला लाग, झालं गेलं विसरून जा."

मला वाटलं ती मान डोलावेल. दिवसभर ताणलेलं माणूस सुटका दिसली की डोलावतंच. उत्तराने तो टाईप केलेला कागद जवळ ओढला आणि पेन उचललं.

"सही कुणाची तरी लागणारच आहे ना, सर? कागद तयार आहे." तिने 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द तसाच ठेवला. खालचं स्वतःचं नाव खोडलं, तिथे 'सचिव' लिहिलं, आणि कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"यज्ञेशने डबी ठेवली. पोलिसांत तक्रार करा, ते तुमचं काम आहे आणि ते तुम्ही आजच कराल. पण डबी आत आल्यावर सर्व्हरने तिला विचारायला हवं होतं, तू कोण. मी तशी सोय मागितली होती. तुम्ही नको म्हणालात. त्या आजोबांच्या बायकोला 'तांत्रिक बिघाड' म्हणून कळवायचं नाही, सर. खरं काय ते कळवायचं."

"अगं, मी चांगल्या मनाने म्हटलं होतं. आतले सगळे आपलेच—"

"यज्ञेश आतलाच होता. तुम्हीच त्याला घरचा माणूस म्हणायचात." तिचा आवाज चढला नव्हता. "माझे बाबा गिरणीत होते. जिवंतपणी या इमारतीत एकदाही आले नाहीत. मुलुंडला नेत्रपेढी आहे हेही त्यांनी कुठेतरी भिंतीवर वाचलं होतं. आतला कोण आणि आपला कोण, हे दारावर नाही ठरत, सर."

सबनीस माझ्याकडे बघत होते, मी मध्ये पडावं म्हणून.

"माझ्या रिपोर्टात हेच असेल," मी म्हटलं. "तुम्ही सही करा नाहीतर नका करू. शिक्का माझाच हवा होता ना तुम्हाला? आता तो मिळेल."

सबनीसांनी कागद जवळ ओढला. माणूस वाईट नव्हता, आयुष्यभर सगळ्यांना सांभाळून घ्यायची सवय लागलेला होता. पण मला त्यांची दया येईना, कारण दिवसभर त्या कागदासमोर त्यांनी उत्तराला बसवलं होतं. शेवटी त्यांनी सही केली आणि बैठकीत तोच कागद वाचला.

बैठक संपेपर्यंत उत्तराने सर्व्हरच्या सूटवाल्या यादीतून अख्खी इमारत काढून टाकली होती. आता तिथे दोनच नावं होती, फ्रिजचा अलार्म आणि स्कॅनर. काळ्या यादीतून नाव काढण्याचा अर्ज मी तिच्या शेजारी बसून भरला. त्या यादीतून सुटका होईपर्यंत अहवाल आपण स्वतः नेऊन देऊ असं सुबोध म्हणाला. त्यावर मेलने पाठवायचं सोडून नाही द्यायचं असं ती म्हणाली, आणि दोघांचं पुन्हा भांडण जुंपलं. मावशी डबीवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसत होत्या. डबी पोलिसांना द्यायचीय, पुसू नका म्हणून मला ओरडावं लागलं.

मी निघताना सबनीस सर्व्हरच्या खोलीच्या दारात आले. आत यायचं की नाही, अशा बेताने उंबऱ्यावर थांबले.

"उत्तरा, बैठकीचा वृत्तांत विश्वस्तांना पाठवायचाय. मेल जात नाहीये माझा. सर्व्हर पासवर्ड मागतोय."

"हो सर."

"मलाही?"

"तुम्हालाही," उत्तरा म्हणाली, आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.